नडगीतला रॉड, चौदा महिन्यांनंतर : हाड जुळलं, गुडघा काही सुटेना

परवा पलंगाखाली गेलेली गोळ्यांची डबी काढायला गुडघा टेकला आणि कळवळून उठले. मोडलेल्या नडगीच्या हाडात धातूचा रॉड घातला, त्या ऑपरेशनला चौदा महिने झाले! म्हणून आज लिहायला बसले.

रॉडला नावं ठेवणार नाही. हाड छान जुळलं, प्लास्टरमध्ये महिनोन् महिने अडकावं लागलं नाही, पायावर भारही लवकर देता आला.

पण मोडली होती नडगी, तीही मध्यावर. मग दुखतो गुडघा कसा? कारण रॉड आत जातो तोच बहुधा गुडघ्याच्या वाटीखालून. वाटीला नडगीशी बांधणारा जाड पट्टा मधोमध चिरतात किंवा बाजूला सारतात आणि हाडाच्या माथ्याला भोक पाडतात. टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग मला अजून बधिर लागतो, कारण तिथली बारीक नस त्या चिरेत सापडते. या ऑपरेशननंतर जवळजवळ निम्म्या लोकांचा गुडघा पुढून दुखतो आणि सर्जन मंडळींना हे वर्षानुवर्षं ठाऊक आहे. माझ्याकडून सही घेतलेल्या कागदावर जंतुसंसर्ग होता, रक्ताची गुठळी होती, गुडघ्याचं अवाक्षर नव्हतं. आधी सांगितलं असतं तरी मी रॉडच घेतला असता. पण मग सहा महिने 'आपलंच काहीतरी चुकतंय' म्हणत रात्री जागून काढल्या नसत्या.

सहाव्या महिन्यात रॉड काढायचाच, असं पक्कं ठरवलं होतं. आता तसं वाटत नाही. एक्सरेत रॉडचं टोक हाडाबाहेर आलेलं नाही. काढल्यावर काहींचं दुखणं जातं, काहींचं तसंच राहतं, आणि काढायलाही पुन्हा त्याच वाटेनं जायचं. शिवाय फिजिओथेरपिस्टने दोन्ही मांड्या टेपने मोजल्या, तेव्हा ऑपरेशनच्या पायाची मांडी तीन सेंटिमीटर बारीक निघाली, म्हणजे स्नायूच अशक्त झालेला. माझं तिकडे लक्षच नव्हतं. तेव्हापासून रोज सरळ पाय उचलणं, भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं. तीन महिन्यांत जिना उतरताना कठडा सुटला. हे आधीच जोर देऊन सांगायला हवं होतं कुणीतरी.

गुडघा टेकणं मात्र अजून जमत नाही. जाड उशी घेतली तर मिनिटभर, तेवढंच. वाटीखाली आतल्या बाजूला एका ठिकाणी बोट दाबलं की नेमकं तिथेच बोचतं. रॉड हाडात पक्का धरणाऱ्या स्क्रूंपैकी वरच्या स्क्रूचं डोकं असेल का? पुढच्या तपासणीत तेवढा एक स्क्रू काढून भागेल का, हे विचारणार आहे.