लुंबिनीच्या सहलीत ‘व्हिसा चार्ज’ मागितला तर आधी हे वाचा

नागपुरातून बौद्ध स्थळांच्या सहली काढणारे टूरवाले आता गल्लोगल्ली झाले आहेत. सारनाथ, बोधगया, कुशीनगर, श्रावस्ती आणि मध्ये नेपाळातलं लुंबिनी, असा साधारण फेरा असतो. त्यातले बरेच जण वर्षानुवर्षं म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांभाळून नेऊन आणतात. आमच्या वाट्याला आला तो त्यातला नव्हता. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. त्याने पैसे कसे काढले ते मात्र सविस्तर सांगतो, कारण हीच युक्ती उद्या दुसराही कोणी करील.

सहलीच्या रकमेवर त्याने माणशी बावीसशे रुपये वेगळे लावले होते. पावतीवर मजकूर असा: ‘नेपाळ व्हिसा व बॉर्डर परमिट’. आता भारतीय नागरिकाला नेपाळात जायला व्हिसा लागतच नाही. 1950 च्या भारत-नेपाळ करारापासून दोन्हीकडचे लोक मोकळे येतात-जातात. सोबत पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं, एवढंच. (नुसतं आधार कार्ड नियमात बसत नाही. पासष्टच्या वरच्यांना आणि पंधराच्या आतल्या मुलांना तेवढी सूट आहे.) परमिट लागतं ते बसला. त्याला तिकडे ‘भन्सार’ म्हणतात आणि तो खर्च गाडीवाल्याचा, तो सहलीच्या दरात धरलेला असतो. मी हे त्याच्यासमोर बोललो तर म्हणतो कसा, “सगळेच घेतात जी काका. नाक्यावर द्यावंच लागते, नाहीतर गाडी अडवते ते लोक.” भरलेली बस, माणशी बावीसशे. हिशेब तुम्हीच करा.

इथवरचा प्रकार पैशांपुरता होता. खरा घोळ झाला माझ्या ताईचा. ती टोरांटोला असते, तिचा पासपोर्ट कॅनडाचा. सोबत तिची आठ वर्षांची नात, तीही कॅनडाचीच नागरिक. घरातल्या लग्नासाठी सगळे आले होते. नातीचे आईवडील खरेदीत अडकले म्हणून नागपुरातच थांबले आणि या दोघी आमच्याबरोबर निघाल्या. आईला एकदा लुंबिनी बघायची होती आणि ताईला ती आईसोबतच बघायची होती. दोघींकडे ओसीआय कार्ड. या कार्डाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ओसीआय म्हणजे भारतात येण्याजाण्याचा जन्मभराचा परवाना, भारताचं नागरिकत्व नव्हे. नेपाळच्या दृष्टीने ताई कॅनेडियन, म्हणजे परदेशी, आणि तिला रीतसर व्हिसा घ्यावाच लागतो.

पैसे भरण्याआधी मी हे टूरवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारलं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे: “दोन्ही फॉरेनर पासपोर्टचं काम आमच्याकडे. रु. 9500 प्रत्येकी. तुम्हाला उतरायची गरज नाही.” नेपाळचा पर्यटक व्हिसा नाक्यावरच मिळतो. पंधरा दिवसांचा 30 डॉलर, तीस दिवसांचा 50, नव्वद दिवसांचा 125. म्हणजे आमच्या कामाचा व्हिसा अडीच-पावणेतीन हजारांच्या आसपास. दहा वर्षांखालच्या कॅनेडियन मुलाला तो फुकट मिळतो. फुकट असला तरी घ्यावा लागतो, पासपोर्टवर नोंद व्हावीच लागते. दर जास्त आहे हे मला दिसत होतं, पण ताई म्हणाली, दगदग वाचते तर जाऊ दे. तिकडे राहणाऱ्यांना ‘सर्व्हिस’चे पैसे द्यायची सवय असते.

राप्तीसागर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने कुशीनगर आणि मग नेपाळच्या हद्दीवरचा सोनौलीचा नाका. सकाळी लवकर पोचलो तेव्हा धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते. मालाच्या ट्रकची रांग तिथे कायम असते. टूरवाल्याचा गाइड बसमध्ये फिरला, ताईकडून दोन्ही निळे पासपोर्ट घेतले. ताई स्वेटर सावरून उठायला लागली तर म्हणाला, “मावशी, थंडीत कायले उतरता? मी शिक्के मारून आणतो ना.” थोड्या वेळाने परत आला. दोन्ही पासपोर्ट आणि प्रत्येकात घडी घातलेला एक कागद. “हा सांभाळून ठेवा, हाच व्हिसा.” बस कमानीखालून निघून गेली. आमच्यातल्या कुणाला काही विचारलं नाही. सशस्त्र सीमा बलाचा एक जवान चढला, दोन-चार जणांची ओळखपत्रं बघून उतरला.

गोम इथेच आहे. ही हद्द साडेसतराशे किलोमीटर लांब आणि आपल्यासाठी उघडी. रोज हजारो लोक पिशव्या घेऊन पायी ये-जा करतात. त्यामुळे विमानतळासारखं कोणी तुम्हाला खिडकीपुढे उभं करत नाही. परदेशी माणसाने आपणहून उतरायचं, आपल्या बाजूला सोनौलीच्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन भारत सोडल्याचा शिक्का घ्यायचा, मग पायी पलीकडे बेलहियाला नेपाळच्या कार्यालयात फॉर्म भरून, पैसे भरून व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का घ्यायचा. शिक्के दोन, आणि दोन्ही ठिकाणी माणूस स्वतः हजर लागतो. कोणी गाइड पासपोर्टची थप्पी नेऊन हे काम करून आणत नाही. बस न थांबवण्यात टूरवाल्याचा वेळही वाचतो आणि पैसेही.

लुंबिनीच्या हॉटेलात नोंद करताना मॅनेजरने ताईचा पासपोर्ट उलटापालटा केला. व्हिसा कुठे? ताईने तो घडीचा कागद दिला. त्याने वाचला, हसू दाबलं आणि माझ्याकडे सरकवला. नेपाळी देवनागरीतच लिहितात, मलाही सहज वाचता आला. वर भन्सार कार्यालय आणि खाली यूपी 53 पासून सुरू होणारा नंबर. आमच्या बसचा! बसच्या भन्साराच्या पावतीची ती झेरॉक्स होती. साडेनऊ हजारात ताईला बसची पावती मिळाली होती, आणि नातीला तिचीच दुसरी झेरॉक्स.

मॅनेजर भला माणूस. त्याने गाइडला बोलावलं, तो आधी “होते ना सर, उद्या करून देतो” म्हणाला आणि नंतर फोन उचलेना. मग मॅनेजरनेच आम्हाला सांगितलं, उद्यावर टाकू नका, जितके तास जातील तितकं उत्तर देणं अवघड. एक गाडी ठरवून मी, ताई आणि नात परत बेलहियाला गेलो. आई बाकीच्या लोकांबरोबर मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ बघायला गेली. ज्या दर्शनासाठी ताई आली होती ते आईने एकटीने घेतलं. याची भरपाई कुठल्या आयोगात मागायची मला ठाऊक नाही.

बेलहियाचा अधिकारी म्हणाला, भारताचा निर्गमन शिक्का नाही, मी प्रवेश कसा देऊ? सोनौलीचा अधिकारी म्हणाला, तुम्ही तर तिकडूनच येताय, मग सकाळी गेलात कसे? दोघांचंही बरोबर होतं. भारताच्या नोंदीत ताई भारतात, शरीराने नेपाळात, आणि कागद बसचा. दोन्हीकडे लेखी जबाब द्यावा लागला. टूरवाल्याचा तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि पावती दाखवली तेव्हा सोनौलीच्या साहेबाचा आवाज जरा खाली आला. त्यांना हे नवीन नव्हतं. एवढंच म्हणाले, “हर सीजन में दो-चार ऐसे आते हैं.” दुपार कलल्यावर शिक्के पडले. ताईने 30 डॉलर रोख भरले, नातीचे काहीच नाही. म्हणजे एकोणीस हजार ज्याचे घेतले ते काम 30 डॉलरचं होतं.

आमचं निभावलं, कारण ताईकडे ओसीआय होतं आणि चूक त्याच दिवशी उघडी पडली. मॅनेजरने पासपोर्ट उघडलाच नसता तर? परतीच्या वाटेवर सोनौलीला तपासणीत सापडलो असतो. काठमांडूहून विमानाने परतणारे गट असतात, त्यांचं तर थेट त्रिभुवन विमानतळाच्या खिडकीवर, विमान समोर उभं असताना. प्रवेशाची नोंदच नाही म्हटल्यावर नेपाळात दंड आणि हद्दपारीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. आणि आपल्याकडे 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू आहे. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय भारतात शिरणाऱ्या परदेशी माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्यात आहे. तुमच्या घरी आलेली परदेशी सून किंवा मुलाचा मित्र साध्या पर्यटक व्हिसावर असेल तर जास्तच जपा. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लुंबिनीला पाय ठेवला की तो संपला, परतीचा रस्ता बंद. ई-व्हिसावर भारतात शिरता येतं तेही ठरावीक ठिकाणांहूनच. तुमचा नाका त्या यादीत आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर बघूनच बसमध्ये चढवा. टूरवाल्याच्या तोंडी भरवशावर नको.

नागपूरला आल्यावर मी त्याच्या ऑफिसात गेलो. आधी गाइडवर ढकललं, मग म्हणाला, “काम तर झालं ना काका शेवटी?” झालं, आम्ही केलं! गटातल्या आणखी सहा-सात कुटुंबांना सोबत नेल्यावर त्याने ताईचे पैसे ऑनलाइन परत केले. बाकीच्यांच्या बावीसशेला मात्र तो आता ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणायला लागला आहे. छापील पावतीवर ‘व्हिसा’ लिहिलेलं असताना!

म्हणून आम्ही नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, ती ऑनलाइन दाखल होते, वकील केलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. आधी नुसतं विचारायचं असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. अडचण फक्त ज्यांनी रोख दिले आणि पावती घेतली नाही त्यांची झाली. आमच्या गटातल्या दोन आजींनी तर पैसे थेट गाइडच्या हातात ठेवले होते. त्यांच्या बाजूने सहप्रवासी म्हणून माझं आणि बायकोचं लेखी निवेदन तक्रारीला जोडलं आहे. याच टूरवाल्याबरोबर आधीच्या फेऱ्यांत गेलेल्या कुणाकडे ‘व्हिसा’ लिहिलेली पावती असेल तर ती फेकू नका. फोटो काढून ठेवा आणि आपापली तक्रार स्वतंत्र टाका.