म्युस्कादे: वाइन सात युरोंची, वैताग बुचाचा

फ्रान्समधल्या नाँतला राहायला आल्यापासून आमच्या घरी म्युस्कादे सेव्र ए मेन, ही इथली पांढरी वाइन, असतेच. लेबलावरच्या 'स्युर ली'चा अर्थ यीस्टच्या गाळावर मुरवलेली, एवढं ठाऊक असलं की पुरे. हे लिहायला लावलं ते बुचाने.

पाहुणे जेवायला, तालान्साकच्या बाजारातून डझनभर कालवं आणलेली, आणि बाटली उघडली तर पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास! हा टीसीए नावाच्या रसायनाचा वास. ते बुचातल्या बुरशीमुळे तयार होतं, लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. तब्येतीला अपाय नाही, पण चवीचं वाटोळं. त्यात म्युस्कादे मुळात अबोल: लिंबाची साल, हिरवं सफरचंद, किंचित खारटपणा. दोष झाकायला तिच्याकडे काहीच नाही.

दुकानदार म्हणाला, "म्युस्कादे अशीच लागते, मस्यो." सात युरोंसाठी कशाला भांडताय, असं बायको म्हणत होती. मी भांडलो. बूच लावून बाटली ट्रॅमने परत नेली, काउंटरवर ग्लासात ओतली आणि हुंगा म्हटलं. आतून आलेल्या मुलीने एकदाच नाक लावलं आणि मुकाट्याने बदली बाटली दिली. तिलाही झाडाच्या सालीचंच बूच! वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या स्वस्त वाइनला फिरकीचं झाकण लावायला काय होतं? काही उत्पादक लावतात. मी आता बाटलीची मान आधी बघतो, लेबल नंतर. १७०९ च्या गोठवणाऱ्या हिवाळ्यानंतर मेलों द बुर्गोन्य हे म्युस्कादेचं द्राक्ष इथे फोफावलं ते थंडी सोसतं म्हणून, आणि त्याचा घात करायला चिमूटभर बुरशी पुरते.

वाइनबद्दल म्हणाल तर पहिले काही महिने मला ती महागडं लिंबूपाणी वाटायची. फ्रीजमधून काढून थेट ओतली की तसंच वाटतं. नऊ-दहा अंशांवर येऊ द्या, मग पावासारखा मंद वास उघडतो आणि जिभेला बारीक चुरचुर जाणवते. हिवाळाभर यीस्टच्या गाळावर न हलवता ठेवल्याचा हा परिणाम. थोडा कार्बन डायऑक्साइड आतच राहतो. आता मला तीच चुरचुर हवी असते.

कालवांवर लिंबू पिळू नका, ते काम वाइन करते. इथल्या ब्यर ब्लां, म्हणजे लोण्याच्या सॉसमधल्या माशाबरोबरही छान, लोण्याचा तुपकटपणा कापते. पण माझ्या लेखी सगळ्यात फर्मास जोडी रवा लावून तळलेल्या माकेरोची. हा आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, स्वस्त आणि तेलकट. तिखट बेताचं ठेवा. नारळाच्या दुधातली कोळंबीही जमते. कोकम किंवा चिंच घातलेलं कालवण मात्र नको. ताटातलं आंबट वाइनपेक्षा चढ झालं की ती पाणचट लागते. सोलकढी तर मुळीच नको.

म्युस्कादेचीच वरची, क्लिसों गावाच्या नावाची श्रेणी दोनदा घेतली. किमान २४ महिने गाळावर ठेवलेली, भारदस्त, मशरूम घातलेल्या कोंबडीलाही पुरून उरते. किंमत दुप्पट. साहेब जेवायला येणार असतील तर आणेन. एरवी सात युरोंचीच, आणि तळाला घोटभर उरली तर दुसऱ्या दिवशी शिंपल्यांच्या पातेल्यात, परतलेल्या कांद्यावर.