मेल सर्व्हरचं लॉगिंग: काही महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर आमच्या ऑफिसच्या मेल सर्व्हरवर लॉगिंग, म्हणजे सर्व्हरवर काय काय घडलं याची आपोआप होणारी नोंद, नीट बसवलं, आता पावसाळा तोंडावर आलाय. सेटअप साधाच आहे: उबुंटू ही लिनक्स सिस्टिम, मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, आणि मेलबॉक्स सांभाळणारा डोव्हकॉट. थोडक्यात मत सांगायचं तर पोस्टफिक्सचे लॉग आहेत तसेच उत्तम आहेत, डोव्हकॉटचे आहेत तसे अर्धवट आहेत, आणि दोन्ही किती दिवस ठेवायचे हे स्वतः ठरवलं नाही तर ऐन वेळी हात चोळत बसावं लागतं.

पोस्टफिक्स प्रत्येक मेलला क्यू आयडी, म्हणजे पाठवणीच्या रांगेतला (क्यू) क्रमांक, देतो. तो ग्रेप केला, म्हणजे लॉगमध्ये शोधला, की मेल कुठून आला, कोणाच्या लॉगिनने आला, पुढे कुठे गेला, सगळी कुंडली समोर येते. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ओळीतला 'डिलेज' हा भाग. तिथे तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात: क्यूमध्ये यायला लागलेला वेळ, क्यूमधली वाट, समोरच्या सर्व्हरशी जोडणी, आणि प्रत्यक्ष पाठवणी. "आपला सर्व्हर स्लो आहे" ही सेल्सवाल्यांची जुनी तक्रार. एकदा ओळच दाखवली: ०.२/०.०१/३०/०, स्टेटस डिफर्ड (पाठवणी लांबणीवर). म्हणजे आमच्याकडे मेल पाव सेकंदही रेंगाळला नाही, तीस सेकंद गेले ते समोरच्याने दार न उघडल्यामुळे. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

मात्र 'स्टेटस सेंट, २५०' (२५० हा होकाराचा कोड) याचा अर्थ समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला, एवढाच. पुढे तो इनबॉक्समध्ये गेला की स्पॅममध्ये, हे तुमचा लॉग कधीच सांगणार नाही. हे लोकांना पटवणं लॉगिंग बसवण्यापेक्षा अवघड आहे.

डोव्हकॉटची गंमत वेगळी. मूळ सेटिंगमध्ये तो लॉगिन-लॉगआउट लिहितो, पण मेलबॉक्सच्या आत कोणी काय केलं ते नाही. त्यासाठी नोटिफाय आणि मेल_लॉग ही दोन प्लगिन, म्हणजे वरून जोडायचे भाग, चालू करावी लागतात. अकाउंट्सच्या मॅडमचा इनबॉक्स अधूनमधून रिकामा व्हायचा. "अहो, मी हात पण लावला नाही!" हे त्यांचं एकच वाक्य. प्लगिन चालू केल्यावर दुसऱ्याच दिवशी ओळ सापडली: पीओपी३ (मेल उतरवून घेण्याची पद्धत), त्यांचाच युजर, एक्स्पंज (मेल कायमचा काढला), बॉक्स इनबॉक्स. या ओळीत आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, नव्हता, पण सेशन आयडी, म्हणजे त्या लॉगिनचा क्रमांक, होता. तोच आयडी लॉगिनच्या ओळीत शोधला आणि आयपी निघाला स्टोअरमधल्या जुन्या कॉम्प्युटरचा. तिथे कधीकाळी त्यांचं खातं पीओपीने लावलेलं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' वरची टिक काढलेली. मॅडम खरंच निर्दोष होत्या.

याच प्लगिनमध्ये मेलचा विषयही लॉग करता येतो. मी तो बंदच ठेवलाय. "पगारवाढीबाबत" असली ओळ साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडून राहावी, हे बरं नव्हे. मेसेज आयडीवर, म्हणजे मेलच्या ओळखक्रमांकावर, काम भागतं. आणि अपग्रेड करणार असाल तर लक्षात ठेवा, डोव्हकॉट २.४ मध्ये कॉन्फिगची रचना बदलली आहे, २.३ ची फाइल तशीच चालत नाही.

आता साठवणीबद्दल. उबुंटूत लॉगरोटेट हा प्रोग्राम मेल.लॉग ही फाइल आठवड्याला फिरवतो, म्हणजे जुनी बाजूला ठेवून नवी सुरू करतो, आणि जुन्या चारच फाइली ठेवतो, म्हणजे जेमतेम महिनाभराचा इतिहास. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायचं असतं. मी रोटेशन रोजचं केलं, फाइली कॉम्प्रेस केल्या आणि १८० दिवसांच्या थोड्या पुढेच थांबलो. लॉग आटोपशीर दाबले जातात, त्यामुळे डिस्कची काळजी उगाचच होती. शिवाय आरसिसलॉग या लॉग पाठवणाऱ्या प्रोग्रामने नेटवर्कवरून (टीसीपी) सगळ्याची एक प्रत दुसऱ्या मशीनवर जाते. सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस आधी लॉगच पुसतो, तेव्हा ही प्रत हवीच.

रोज सकाळी पीएफलॉगसम्म या पोस्टफिक्सच्या लॉगचा गोषवारा काढणाऱ्या स्क्रिप्टचा रिपोर्ट मेलवर येतो. मी त्यात फक्त दोनच जागा पाहतो: कोणत्या पत्त्यावरून सर्वाधिक मेल गेले आणि बाउन्स किती झाले, म्हणजे न पोचता परत आले. एखाद्याचा पासवर्ड फुटला तर पहिला सुगावा तिथेच लागतो, मग एसएएसएल युजरनेम (मेल पाठवताना लॉगिन केलेलं नाव) ग्रेप करून खातं बंद करायला वेळ लागत नाही.

साहेबांना आता रंगीत ग्राफ हवेत. त्यासाठी वेगळं मशीन आणि बरीच रॅम लागेल, असं सांगितल्यापासून फाइल त्यांच्याच टेबलावर आहे. तोवर झेडग्रेप, म्हणजे कॉम्प्रेस केलेल्या फाइलींत शोधणारा ग्रेप, आहेच.