किक नेट घेतली, सहा महिने वापरली, माझा अनुभव (५ पैकी ४)

पेठेत लॅबचं सामान मिळतं त्या एका दुकानातून ऑक्टोबरमध्ये ही ओढ्यातले किडे पकडायची जाळी घेतली, १४०० ला, सोबत पांढरा ट्रे आणि १० एक्स भिंग. भोकं अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे वाळू निघून जाते पण बारीक अळी अडकते.

पहिल्यांदा ताम्हिणीच्या ओढ्यावर नेली. प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची, वरचे दगड पायाने ढवळायचे, सुटेल ते वाहत जाळीत येतं. दुसऱ्याच खेपेला स्टोनफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याचं पिल्लू!! चपटं, पिवळसर तपकिरी, शेपट्या दोनच (मेफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्याच्या पिल्लाला बहुतेक वेळा तीन असतात), प्रत्येक पायाला दोन नख्या, आणि भिंगाखाली पायांच्या मुळाशी कल्ल्यांचे झुपके इतके स्पष्ट दिसले की मी बघतच बसलो. ट्रेमधलं पाणी उन्हाने तापलं तसं ते जोर मारायला लागलं, अंग खालीवर खालीवर, कारण साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन पुरेना की ते कल्ल्यांवर पाणी असं खेळवतं. जीव कसानुसा झाला, लगेच परत सोडलं.

हेच तर त्याचं दुखणं, त्याला खळाळतं, गार पाणी लागतं. पश्चिम घाटात निओपर्ला वंशातले स्टोनफ्लाय आहेत, त्यांचं पर्लिडी कुळ, आणि ब्रिटनच्या जुन्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत (सापडलेल्या किड्यांवरून पाण्याला गुण द्यायची पद्धत) या कुळाला १० पैकी १० गुण, म्हणजे घाण अजिबात न सोसणारं. कायरोनोमिड (डासासारखी दिसणारी, न चावणारी माशी) अळ्यांना २. बाटलीत भरून आणलेलं पाणी त्या क्षणाचंच सांगतं, पण हे पिल्लू महिनोनमहिने पाण्यातच वाढतं, मधे एका रात्री कोणी मैला सोडला तरी त्याच्यावर बेततं.

मग तीच जाळी पुण्यात बावधनला रामनदीत लावली. चार वेळा. हाती फक्त लालभडक कायरोनोमिड अळ्या, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. फार वाईट वाटलं खरंच.

तक्रार एकच, दांड्यापाशी शिवण तिसऱ्या वेळी उसवली आणि दुकानदार बदलून द्यायला तयार नाही, शेवटी चांभाराकडून नायलॉन दोऱ्याने घालून घेतली, आता पक्की आहे. तुम्ही घेतलीत तर आधीच शिवून घ्या. पावसाळ्यात ओढ्यात उतरू नका.

पाऊस ओसरला की खाटपेवाडीपासून रामनदीच्या काठाने प्रत्येक पुलाखाली जाळी लावत खाली येणारे, शेवटचा स्टोनफ्लाय कुठल्या पुलापाशी मिळतो ते बघायचंय. कोणाला यायचं असेल तर सांगा, जाळी आहेच.