शुगर उतरवून दाखवणारी पावडर: ऑपरेशन झालेल्या मधुमेहींच्या घरच्यांसाठी

घरात कुणाचं मोठं ऑपरेशन झालं असेल आणि त्या माणसाला मधुमेह असेल, तर हे जरूर वाचा. त्यांच्या मोबाईलवर येणाऱ्या जाहिरातींवर आणि फोनवरही लक्ष ठेवा. आमच्या अण्णांच्या जिवावर बेतलं होतं, म्हणून एवढ्या कळकळीने लिहिते आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७१, मधुमेह जुना, गोळ्या चालू. पुण्यात बायपास झाली आणि आम्ही त्यांना कराडला घरी आणलं. छातीची जखम छान भरत आली होती. पायाची मात्र, म्हणजे बायपाससाठी जिथून शीर काढून घेतात ती, घोट्याच्या वर ओलीच राहिली. उपाशीपोटी शुगर २०० च्या पुढे, जेवणानंतर कधी २८०, कधी ३००. गोळ्या थांबवून इन्सुलिन सुरू केलेलं होतं.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. ऑपरेशनच्या ताणाने शरीरात कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून शुगर चढते. जखमेत जंतू असतील तर आणखी चढते, आणि चढलेल्या शुगरमुळे जखम भरत नाही. तेवढ्यासाठी सध्या इन्सुलिन. जखम सुकली, हिंडणं-फिरणं वाढलं की डोस उतरत जाईल आणि बहुधा पुन्हा गोळ्यांवर येतील, असं ते म्हणाले होते.

पण अण्णांच्या पिढीत इन्सुलिनची धास्ती फार. एकदा सुई लागली की सुटत नाही, असं त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं. याच भीतीवर ही माणसं धंदा करतात.

मोबाईलवर ‘शुगर मुळापासून घालवा’ अशी जाहिरात दिसली, अण्णांनी त्यात नाव-नंबर भरला आणि लगेच फोन आला. बोलणारा स्वतःला वैद्य म्हणवत होता. आवाज गोड, भाषा आपल्याकडचीच. आधी ऑपरेशनची सगळी चौकशी केली, जखमेबद्दल हळहळला. मग म्हणाला, “काका, तुम्हाला इन्सुलिनची सवय लावून ठेवलीय. आपला तीन महिन्यांचा कोर्स घ्या, सुई कायमची बंद.” पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे: “मुलांना आणि डॉक्टरांना आत्ताच काही सांगू नका. रिपोर्ट नॉर्मल आला की एकदम दाखवा.” कुठलाही खरा वैद्य रोग्याला दुसऱ्या डॉक्टरपासून औषध लपवायला सांगत नाही. हे वाक्य कानावर आलं की तिथेच फोन ठेवावा.

कोर्सचे १८,५०० रुपये. थोडे आगाऊ यूपीआयने, उरलेले कुरिअरवाल्याच्या हातात रोख. बिल नाही.

कोर्स म्हणजे पावडरीचा डबा. तो मी नंतर भिंगाखाली पाहिला. वर कारलं, जांभूळ, गुडमार यांची चित्रं आणि मोठ्या अक्षरांत ‘मधुमेहमुक्ती’. मागे मात्र औषधाचा उत्पादन परवाना नव्हता, बॅच नंबरच्या जागी नुसती रेघ. होता तो एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, म्हणजे खाद्यपदार्थाचा. आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘औषधी वापरासाठी नाही’. तोंडी आणि जाहिरातीत औषध, कायद्यापुढे अन्न. आयुर्वेदिक औषधावरही उत्पादन परवान्याचा नंबर, बॅच आणि तारखा छापाव्याच लागतात. त्या नसतील तर डबा उघडूच नका.

आता यातला सगळ्यात फसवा भाग. पावडरीने शुगर उतरली. खरोखर उतरली. अण्णांनी इन्सुलिन गुपचूप बंद केलं होतं आणि तरी ग्लुकोमीटरवर १३०, १२० दिसायला लागलं. आई खूश, अण्णा खूश. त्या माणसाने एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करून घ्यायला सांगितलं. ऑपरेशनआधी ९ च्या वर होतं ते ७.२ आलं, आणि तो रिपोर्ट त्याने पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायला मागून घेतला. ऑपरेशनमध्ये रक्त गेलेलं असतं, बाहेरून चढवलेलं असतं. तांबड्या पेशीच बदललेल्या असल्या की पुढचे दोन-तीन महिने हा आकडा भरवशाचा राहत नाही, हे आम्हाला नंतर डॉक्टरांकडून कळलं. शिवाय ऑपरेशनमुळे चढलेली शुगर जखमा भरतील तशी आपसूक उतरायला लागते. त्या उताराचं श्रेयही पावडरीला जातं. ऑपरेशन झालेला रोगी या लोकांना हवा असतो तो म्हणूनच.

मग ती पहाट. मी तेव्हा कराडलाच होते. आईने हाक मारली तेव्हा अण्णांचा सदरा घामाने पिळून काढावा असा भिजलेला, आणि ते मला ओळखत नव्हते. माझ्या आत्याच्या नावाने हाका मारत होते. शुगर पाहिली, ४१. ७० च्या खाली गेली की कमी समजतात, ५४ च्या खाली म्हणजे धोका. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ८८. जीव भांड्यात पडतोय तोच तासाभरात पुन्हा ५२.

बायपासनंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी, हृदयाचे ठोके आवरणारी गोळी चालू असते. तिच्यामुळे छातीतली धडधड, हातांची थरथर ही धोक्याची लक्षणं दबून जातात, घाम तेवढा येतो. म्हणून अशा माणसाला दरदरून घाम आला की कारण शोधत बसू नका, आधी शुगर बघा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावली. ती हळू केली की शुगर परत खाली. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: इन्सुलिन कधी टोचलं? आई म्हणाली, टोचतच नाहीत आता. मग इन्सुलिन न घेतलेल्या माणसाची शुगर अशी दिवसभर कोसळते कशी? त्यांनी सी-पेप्टाइड तपासलं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर हे रक्तात येतं, टोचलेल्या इन्सुलिनमधून येत नाही. शुगर तळाला असतानाही ते चढलेलं होतं, म्हणजे स्वादुपिंडाला कुणीतरी जबरदस्तीने इन्सुलिन सोडायला लावत होतं. हे काम ग्लिबेनक्लामाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या करतात. अशा ‘वनौषधी’ चूर्णांत त्या कुटून मिसळलेल्या आधीही सापडल्या आहेत. म्हातारं शरीर, त्यात ऑपरेशननंतर मूत्रपिंड थोडं मंदावलेलं, त्यामुळे त्या औषधाचा अंश लवकर बाहेर पडत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर झोपेत गेला असता तर सांगता येत नाही.

अण्णा वाचले. इन्सुलिन पुन्हा सुरू झालं, जखम भरली, आणि पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच डोस कमी होत होत आता ते परत गोळ्यांवर आहेत. पावडरीच्या नादात मधले आठवडे मात्र फुकट गेले आणि पायाची जखम पुन्हा साफ करावी लागली.

पैसे परत मागितले तर त्या माणसाने आधी ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय, कोर्स तोडू नका’ असं सांगितलं, मग नंबर बंद. थोड्या दिवसांनी ‘रिफंड विभागा’तून फोन आला: प्रक्रियेचे पैसे भरा आणि तुमची स्क्रीन आम्हाला दिसेल असं ॲप मोबाईलवर घ्या. हा त्याच सापळ्याचा दुसरा दरवाजा आहे. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं हाच मुळात गुन्हा आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. उरलेली पावडर फेकू नका. डबा, कुरिअरचं पाकीट, यूपीआयची पावती, फोनचे रेकॉर्डिंग सगळं तसंच्या तसं ठेवा. दवाखान्यात जाताना तो डबा बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, रोगी कितीही नको म्हणाला तरी.