पायडलची फिशिंग कयाक: पंखा घ्यायचा की पर? हतनूरवर दोन्ही चालवून बघितल्या

आधीच सांगतो भो, मी काही कयाकमधला (म्हणजे एका-दोघांची लांबट, अरुंद छोटी नाव) एक्स्पर्ट नाही. भुसावळला रेल्वेत शिफ्ट ड्यूटी, सुट्टी पडली की रॉड घेऊन तापीवरच्या हतनूर धरणाचं बॅकवॉटर, बस. दहा-बारा वर्षं काठावरूनच मासे धरले आणि दहा-बारा वर्षं एकच दुखणं, मरळ नेमकी तिथं उसळते जिथं आपला कास्ट (फेकलेला गळ) दोन हात कमी पडतो. इथले मच्छीमार ट्यूबवर, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आरामात जातात, आपल्यात ती हिंमत नाही (खरं म्हणजे घरून परवानगी नाही).

साधी वल्ह्याची कयाक एकदा एकाची घेऊन बघितली होती, पण त्यात गंमत अशी होते की वल्हं खाली ठेवून रॉड उचलेपर्यंत वारा तुम्हाला जलपर्णीत नेऊन घालतो, मग रॉड ठेवा, वल्हं उचला, परत तेच. दुपारी तापीवर वारा सुटला की मासे राहिले बाजूला, दिवसभर नुसतं वल्हवणं. पायडलच्या कयाकचा सगळा फायदा इथंच आहे, पाय चालू, हात मोकळे, वाऱ्याकडे तोंड करून हळूहळू पायडल मारत राहिलं की एका जागी टिकता येतं. हे एकदा अनुभवलं की वल्ह्याकडे परत जावंसं वाटत नाही.

आता ह्यात मोठे प्रकार दोन. एक पराचा. होबी कंपनीने 1997 मध्ये मिराजड्राइव्ह नावाने आणला, खाली दोन लवचिक पर असतात आणि ते पेंग्विनच्या पंखांसारखे आडवे डावी-उजवीकडे फिरतात. ह्यात पायडल गोल फिरत नाही, एक पाय पुढे दाबा मग दुसरा, जिममधल्या स्टेपरसारखं. दुसरा पंख्याचा म्हणजे प्रोपेलरचा, नेटिव्हचं प्रोपेल, ओल्ड टाऊनचं पीडीएल वगैरे, ह्यात सायकलसारखं गोल पायडल आणि खाली बोटीसारखा पंखा. पीडीएलचा गिअर 10.3 ला 1 आहे, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की पंखा दहा फेरे मारतो, म्हणून पाय निवांत चालवले तरी नाव पळते.

यूट्यूबवर बघून माझं पंख्यावर जवळजवळ पक्कं झालं होतं. सायकल चालवता येते म्हणजे हे येणारच, आणि मुख्य म्हणजे रिव्हर्स. उलटं पायडल मारलं की नाव लगेच मागे. मोठा मासा लागला आणि तो झाडाच्या बुंध्याकडे ओढायला लागला की रिव्हर्स काय चीज आहे ते कळतं. पराच्या जुन्या ड्राइव्हमध्ये (पायडलच्या यंत्रणेत) रिव्हर्सच नव्हता, 180 वालं मॉडेल आल्यावर दोरी ओढून पर उलटे फिरवायची सोय झाली, पण तरी ती दोरी ओढावी लागते, पंख्यासारखं पायातल्या पायात होत नाही.

नशिबाने दोन्ही एकाच दिवशी चालवायला मिळाल्या. मामेभाऊ गोव्यात असतो, त्याच्याकडे वापरलेली पराची होती ती तो थंडीत घेऊन आला, आणि जळगावच्या एका मित्राने पंख्याची बाहेरून मागवलेली. जानेवारीतली सकाळ, बामणोदची वांगी भरताला आधीच ठरलेली, आम्ही चौघं. (ब्रँड विचारू नका, दोन्ही कयाकचे हाल पुढे येणार आहेत आणि त्यात आमचाच हात जास्त आहे.)

पहिला धडा पाण्यात उतरायच्या आधीच. ह्या नावा जड असतात भो. बारा-तेरा फूट लांब, अडीच-तीन फूट रुंद, सीट-ड्राइव्ह-रडर (सुकाणू) सगळं लावून पंचेचाळीस-पन्नास किलोच्या पुढे. फोटोत बाई एका हाताने ओढताना दिसते तो काँक्रीटचा रॅम्प असतो. हतनूरला रॅम्प नाही, गाळ आहे. धरणात किती गाळ साचलाय ते पेपरात येतंच, पण तो गुडघ्यापर्यंत पायात आला की मग समजतो. कयाकची ट्रॉली आणली होती तिची बारकी चाकं दहा पावलांत रुतली, चिखल चाकाला बसून चाक फिरायचंच बंद. शेवटी शेजारच्या केळीच्या बागेत कापणी झालेली होती, मालकाला विचारून केळीचे खांब आणले, दोन हातांच्या अंतरावर आडवे टाकले आणि त्यावरून नाव सरकवली. खांब ओले, बुळबुळीत, नाव लोण्यासारखी गेली. हजारो रुपयांची ट्रॉली राहिली बाजूला. तर घेताना वेगाचे आकडे नंतर बघा, आधी एकट्याने गाडीवरून उतरवता येईल का ते बघा.

पाण्यात गेल्यावर मोकळ्या भागात पंखा खरंच मस्त. सरळ रेषेत, आवाज नाही, गुडघ्यावर जोर नाही. ओल्ड टाऊनवाले पीडीएलचा टॉप स्पीड ताशी साडेपाच मैल सांगतात, म्हणजे पावणेनऊ किलोमीटर. आमच्या मित्राच्या नावेवर मोबाईलवर बघितलं तर आरामात पाच-साडेपाच किलोमीटर पडत होतं आणि तेवढं पुष्कळ आहे, आपल्याला रेस लावायची नाही. परावर सुरुवातीला मांड्या भरून आल्या, ती पुढे दाबायची सवय नसते, पण अर्ध्या तासात पाय लागले. वेगात मला तरी फार फरक वाटला नाही.

फरक पडला तो पूर्णेच्या तोंडाकडे, चांगदेवच्या खालच्या अंगाला उथळ पाण्यात शिरलो तेव्हा. मरळ तिथंच असते, कडेच्या पाल्यात, कमरेएवढ्या पाण्यात. पंखा नावेच्या खाली दीड फूट लोंबकळतो, तो कधी गाळाला लागतो कधी बुडालेल्या बाभळीच्या खोडाला, आणि जलपर्णीची मुळं म्हणजे त्याला गुंडाळायलाच जन्माला आली आहेत. दर पाच मिनिटांनी ड्राइव्ह वर उचला, मुळं सोडवा, परत खाली टाका. पराचं असं की पायडल एक पूर्ण पुढे एक पूर्ण मागे केलं की दोन्ही पर नावेच्या पोटाला चिकटतात, मग छोटे छोटे पायडल मारून हातभर पाण्यातूनही जाता येतं, पाला लागला तरी बहुतेक घसरून निघतो. नवीन मॉडेलमध्ये खोडाला धडकले की पर स्वतः मागे दुमडतात, मामेभावाचं जुनं होतं त्यात ती सोय नाही, म्हणून एक धडक बसली आणि पराची स्टीलची दांडी वाकली. काढून दोन दगडांत सरळ केली, चालली. पूर्ण सरळ नाही, नाव थोडी डावीकडे ओढते अजून.

पंख्याची मात्र वाट लागली. तिथं एका म्हाताऱ्या बाबांनी फासजाळी लावलेली, वर खुणेला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधलेल्या, आमच्या मित्राला वाटलं कचरा आहे. नायलॉनचं बारीक जाळं पंख्याच्या दांड्यात असं गुंडाळलं की पायडल जाम. त्याने सायकलची चेन अडकल्यावर मारतो तसा जोरात पाय मारला आणि कटकन आवाज. पिन गेली. बाबा तराफ्यावरून आले, शिव्या देतील वाटलं, पण शांतपणे जाळं कापून सोडवलं, म्हणे, "साहेब, पंखा जाळ्यात जाईन तं नुकसान दोघांचं. हे बदकाच्या पायाचं वालं बरं हाये." जाळ्याचे पैसे दिले, भरतही खाऊ घातलं. तेव्हापासून परवाल्या नावेला आमच्यात बदकच म्हणतात.

ती पिन समजून घ्या, कारण कोणी सांगत नाही. बऱ्याच पंख्याच्या ड्राइव्हमध्ये एक मऊ पिन मुद्दाम तुटायलाच ठेवलेली असते, पंखा अडकला की पिन तुटावी आणि आतले गिअर वाचावेत म्हणून. मित्राने जिथून नाव घेतली त्यांनी पिन पाठवायला सात आठवडे लावले, फोन उचलणंही बंद केलं होतं मधी. तोपर्यंत गावातल्या सायकलवाल्याने स्पोकची तार कापून पिन बनवून दिली, आणि नेमकं हेच करू नका! स्पोक पिनपेक्षा कडक असतो, तो तुटत नाही, मग पुढच्या वेळी गिअर तुटतो. आमचा वाचला, पण नशिबाने. घेतानाच पाच-सहा ओरिजिनल पिना मागून घ्या. पराचं घेतलं तर एक जास्तीचा पर, दांडी, तारा आणि ॲलन चावी. दोन्हीतलं काहीही आपल्याकडे दुकानात मिळत नाही, जळगावलाही नाही.

किंमतीचं बोलायचं तर चांगल्या कंपनीची नवीन अमेरिकेतच अडीच-तीन हजार डॉलरच्या आसपास आणि वर, इकडे येईपर्यंत कस्टम आणि जहाजाचं भाडं धरून आकडा असा होतो की त्यात जुनी अल्टो येते. त्यामुळे वापरलेली बघा. बघताना नाव उलटी करून पोट तपासा, प्लॅस्टिक असतं, उन्हात गाडीवर पट्टे करकचून आवळून ठेवलेली असली की पोटाला खळगे पडतात. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, तर घरी आणल्यावरही सावलीतच ठेवायची आणि गाडीवर नेताना पालथी, पोहोचलं की लगेच पट्टे ढिले.

आणि परवानगी. धरणातली मासेमारी मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असते, आधी त्यांना भेटा, आपण हौशी, त्यांचं पोट आहे. धरणाच्या भिंतीकडे जायचंच नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही, हतनूरचे 41 दरवाजे आहेत, उघडायला लागले की पाण्याला ओढ असते. लाइफ जॅकेट नावेत ठेवून उपयोग नाही, अंगात पाहिजे.

मी शेवटी बदक घेतलं. मामेभावाचीच, घासाघीस करून, वाकड्या दांडीसकट. रिव्हर्स नाही त्याची हळहळ वाटते, मागच्या महिन्यात एक चांगला कटला खोडात शिरला आणि गळाची दोरी तोडून गेला, मागे जाता आलं असतं तर कदाचित हातात असता. पण महिन्यात तीनदा त्याच पाल्यात जायचं तर मला दुसरं परवडत नाही. खोल मोकळ्या पाण्यात फिरणारा माणूस असेल तर त्याने डोळे झाकून पंखा घ्यावा. जळगावचा मित्र आता त्याची घेऊन वाघूरला जातो, तिथं तो खूश आहे, आणि ओरिजिनल पिना एकदाच्या आल्यात त्याच्या. दोन मी ठेवून घेतल्या, त्याच्या विसरायच्या सवयीमुळे.