स्ट्राउसची 'चार शेवटची गाणी' : जेसी नॉर्मन घ्यावी की श्वार्त्सकोप्फ?

जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या, ऑर्केस्ट्राच्या साथीनं गायच्या या चार गाण्यांचं एकच ध्वनिमुद्रण घ्यायचं असेल, तर माझं मत गायिका जेसी नॉर्मनला. 1982 चं, संचालक (कंडक्टर) कुर्ट माझूर आणि लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्राबरोबरचं. पण गाण्यात तुमचं लक्ष आधी शब्दांकडे जात असेल, तर एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फपासून सुरुवात करा. तिचं 1965 चं ध्वनिमुद्रण बर्लिनमधलं आहे, ऑर्केस्ट्रा जॉर्ज सेलच्या हाताखाली.

दोघींमधला फरक शेवटच्या गाण्यात, कवी आयखेनडोर्फच्या 'सांजप्रकाशात' या कवितेत, सगळ्यात स्पष्ट कळतो. नॉर्मन-माझूरना त्याला जवळपास 10 मिनिटं लागतात. गायिका लिसा डेला काझा आणि संचालक कार्ल ब्योमनी 1953 मध्ये तेच सहाएक मिनिटांत संपवलं होतं. एवढ्या संथ लयीत भल्याभल्यांचा दमसास उघडा पडतो. नॉर्मनचा स्वर मात्र कुठेच विरळ होत नाही, आणि खालच्या पट्टीत तर तो आणखी भरतो. 'हाच का तो मृत्यू?' या शेवटच्या ओळीनंतर स्ट्राउस तरुणपणी लिहिलेल्या 'मृत्यू आणि रूपांतर' या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेतली धून हॉर्नवर आणतो. माझूर तिथे जराही घाई करत नाही, आणि ती धून तब्बल साठ वर्षं ओलांडून आल्याचं जाणवतं.

असा भारदस्त आवाज या गाण्यांना परका नाही. 22 मे 1950 रोजी लंडनमध्ये ती पहिल्यांदा गायली कर्स्टन फ्लागस्टाडनं, म्हणजे वाग्नरच्या ऑपेरांत तळपणाऱ्या गायिकेनं. (त्या कार्यक्रमाच्या खर्चाची हमी म्हैसूरच्या महाराजांनी, जयचामराज वाडियारांनी घेतली होती. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही, सांगायला हवं.) पण 'वसंत' या गाण्यात नॉर्मन थोडी जड वाटते. ते गाणं वरच्या स्वरांवर तरंगायला हवं.

श्वार्त्सकोप्फचा आवाज 1965 पर्यंत पूर्वीइतका ताजा राहिला नव्हता. तरी कवी हेसेच्या 'सप्टेंबर' या गाण्यातला उन्हाळा डोळे मिटतो, तेव्हा ती प्रत्येक शब्दाला वेगळी छटा देते. काहींना ही कारागिरी जास्त होते. मला ती कवितेशी प्रामाणिक वाटते. कवितांचा अर्थ समोर ठेवून ऐका. नाहीतर तिचं निम्मं काम हातून निसटेल.

आणि दोघीही नको असतील, तर गायिका गुंडुला यानोविट्स, 1973, संचालक कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा. शब्द नीट कळत नाहीत, पण 'झोपी जाताना'मध्ये व्हायोलिनच्या एकल वादनानंतर तिचा चंदेरी स्वर वर चढतो, तशी ती जागा मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही. फक्त त्या एका गाण्यासाठीसुद्धा हे ध्वनिमुद्रण घ्यावं.